घेरिया कुठंय? विजयदुर्ग घेणाऱ्या ॲडमिरलची कारकीर्द आणि पत्रं

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दगडी ताडाच्या झाडांमध्ये एक माणूस उभा आहे. अंगावर रोमन झगा, एका बाजूला गुडघे टेकून आभार मानणारी बाई, दुसऱ्या बाजूला साखळदंडातला कैदी. बाई म्हणजे कलकत्ता आणि कैदी म्हणजे चंद्रनगर, बंगालमधलं फ्रेंचांचं ठाणं. त्याच स्मारकावर तिसरं नाव कोरलंय, घेरिया, आणि पुढे तारीख : 13 फेब्रुवारी 1756. आपल्याकडचे पर्यटक बहुधा न थांबता पुढे जातात, कारण घेरिया म्हणजे काय हेच डोक्यात येत नाही. घेरिया म्हणजे आपलं गिर्ये, विजयदुर्गाशेजारचं गाव. इंग्रजांच्या कागदांत किल्ल्यालाही हेच नाव आहे. त्यामुळे जुन्या इंग्रजी पत्रांत 'विजयदुर्ग' शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग दोन्ही आहेत. तेव्हापासून एक वाक्य सगळीकडे फिरतंय : 'इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून आंग्र्यांचं आरमार जाळलं.' वाक्य खोटं नाही, पण इतकं घाईचं आहे की त्यातले 'इंग्रज' कोण हेच कळत नाही. ते समजून घ्यायचं तर त्या झग्यातल्या माणसाची, चार्ल्स वॉट्सनची, नोकरी आणि त्याचा पत्रव्यवहार बघावा लागतो. हा माणूस तोफा जेवढ्या नेमाने डागायचा, तेवढ्याच नेमाने कागदही करायचा.

कोणते इंग्रज?

आपण 'इंग्रज' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे ईस्ट इंडिया कंपनी असते. कंपनीचं स्वतःचं छोटं आरमार मुंबईत होतं. 1755 च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर विल्यम जेम्स त्याच आरमारातला. वॉट्सन मात्र कंपनीचा नोकर नव्हता. तो राजाच्या आरमारातला, म्हणजे रॉयल नेव्हीतला अधिकारी होता.

एखाद्या खासगी कारखान्याच्या बंदोबस्ताला राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आहे असं समजा. चहापाणी, राहायची सोय कारखाना करतो. मॅनेजर विनंती करू शकतो, गळ घालू शकतो. पण 'गेटवर उभे राहा' असा हुकूम सोडू शकत नाही, कारण तुकडीचा साहेब वेगळा. वॉट्सनचा साहेब लंडनला होता. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथल्या कंपनीच्या गव्हर्नरांना त्याची मनधरणी करावी लागायची आणि त्याला याची पुरेपूर जाणीव होती. गंमत म्हणजे ॲबेतलं ते स्मारक कंपनीने स्वतःच्या पैशाने उभारलंय.

ॲडमिरल होतात कसे?

दोन गोष्टी लागायच्या : वशिला आणि आयुष्य.

वॉट्सनचा जन्म 1714 चा, वडील धर्मगुरू. 1728 मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जहाजावर चढला. त्याचे मामा सर चार्ल्स वेजर आरमारातले बडे प्रस्थ, पुढे तर आरमार खात्याचे प्रमुखच झाले. 1738 मध्ये, चोविसाव्या वर्षी, भाचा कॅप्टन झाला. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

कॅप्टनच्या पुढे मात्र वशिल्याचा जोर कमी व्हायचा. तिथे लागायची ज्येष्ठता यादी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकपदासाठी जशी यादी असते तशीच. पुढचे निवृत्त झाले किंवा वारले की मागचा सरकतो. कर्तबगारीने चांगलं जहाज मिळायचं, पण रांग मोडून फार पुढे जाता यायचं नाही. वॉट्सन 1744 मध्ये तूलाँच्या लढाईत होता आणि 1747 मध्ये केप फिनिस्टरच्या दोन्ही लढायांत. 1748 मध्ये तो न्यूफाउंडलंडचा गव्हर्नर होता आणि त्याच वर्षी रिअर ॲडमिरल झाला. वय चौतीस.

1754 मध्ये त्याला हिंदुस्थानकडे पाठवलं ते फ्रेंचांसाठी. कर्नाटकात कंपनी आणि फ्रेंच एकमेकांच्या उरावर बसले होते. मराठे, आंग्रे, कोकण यातलं काहीही त्याच्या कामाच्या यादीत नव्हतं.

उत्तर यायला वर्ष

सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. लंडनहून मुंबईला पत्र यायला साधारण सहा महिने लागायचे. म्हणजे 'काय करू?' असं विचारलं तर उत्तर वर्षाने, तेही जहाज बुडालं नाही तर. ब्रिटनने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं मे 1756 मध्ये. वॉट्सनला बंगालमध्ये ते कळलं जानेवारी 1757 मध्ये.

अशा माणसाला वरून मिळणाऱ्या सूचना ढोबळच असणार. बाकी सगळं त्याच्या तारतम्यावर. पण त्या तारतम्याचा हिशेब कधीतरी द्यावा लागणार, म्हणून प्रत्येक पावलाला कागद हवा. आपल्याकडे सरकारी कचेरीत मुरलेला कारकून काही करण्याआधी 'तुम्ही जरा लेखी द्या' म्हणतो ना, तसंच. वॉट्सनची पत्रं वाचताना ती समोरच्याला जेवढी लिहिलेली आहेत, तेवढीच लंडनला पुढे कधीतरी दाखवायच्या फायलीसाठीही लिहिलेली आहेत, हे लक्षात ठेवायचं.

विजयदुर्ग : रिकाम्या हातांना काम

नोव्हेंबर 1755 मध्ये वॉट्सन मुंबईत आला तेव्हा कंपनीचा सेनाधिकारी रॉबर्ट क्लाइव्हही तिथे फौज घेऊन होता. बेत होता मराठ्यांच्या साथीने दख्खनमधल्या फ्रेंचांवर चालून जायचा. पण तिकडे फ्रेंचांशी तात्पुरता तह झालेला, त्यामुळे मुंबईकरांनी कच खाल्ली आणि बेत बारगळला. आता एवढी जहाजं, एवढी माणसं बंदरात नुसती बसून.

इकडे मार्च 1755 मध्येच कंपनीने नानासाहेब पेशव्यांशी करार केला होता : तुळाजी आंग्र्यांविरुद्ध दोघांनी मिळून लढायचं, जिंकलेले किल्ले पेशव्यांना, बाणकोट कंपनीला. सुवर्णदुर्ग त्याच कराराखाली पडला होता. उरला होता विजयदुर्ग. म्हणजे वॉट्सनचं आरमार कोकणात आलं ते लंडनहून आखलेल्या डावाने नाही, तर दुसरं काम रद्द झालं म्हणून.

बाजारात तुरी

एक परिभाषा इथे समजून घेऊ. शत्रूचं जहाज किंवा माल जिंकला की तो हुद्द्याप्रमाणे सगळ्यांत वाटायची कायदेशीर पद्धत होती. तिला म्हणायचे प्राइझ मनी, आपण 'लुटीचा वाटा' म्हणू. साध्या कसलेल्या खलाशाचा पगार महिन्याला 24 शिलिंग. तो गेल्या शतकापासून वाढलाच नव्हता. माणसं आरमारात टिकायची ती या वाट्याच्या आशेवर.

मुंबईहून निघण्याआधी सगळे अधिकारी बसले आणि न जिंकलेल्या किल्ल्याची लूट वाटून मोकळे झाले. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. ठरलं असं : एकूण लुटीचा आठवा हिस्सा दोन ॲडमिरलांचा. त्यातले दोन भाग वॉट्सनला, एक भाग त्याच्या हाताखालच्या पोकॉकला. क्लाइव्हला जहाजाच्या कॅप्टनइतकं. यावर फौजेचे अधिकारी फुरंगटले. आमच्या कर्नलला पोकॉकइतकं हवं म्हणाले. वॉट्सनने वाटणी बदलली नाही, पण क्लाइव्हला जेवढं कमी पडेल तेवढं माझ्या वाट्यातून देतो म्हणाला. नंतर पैसे द्यायची वेळ आली तेव्हा क्लाइव्हने ते घेतले नाहीत. दोघांचीही ही वागणूक चांगलीच. पण त्याच बैठकीत आणखी एक ठरलं होतं : मराठ्यांना यातलं काही द्यायचं नाही. त्याबद्दल कुणाला संकोच वाटल्याचं दिसत नाही.

7 फेब्रुवारी 1756 ला ताफा निघाला. वॉट्सनचं स्वतःचं जहाज 'केंट', 70 तोफांचं. सोबत 'कंबरलँड', 'टायगर', 'सॅलिसबरी' आणि कंपनीची छोटी जहाजं. तुळाजी तोवर तहाची बोलणी करायला मराठ्यांचे सरदार रामाजी महादेव यांच्या छावणीत गेलेला. 12 तारखेला दुपारी जहाजं खाडीत शिरली. वरून पडणारा एक तोफगोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर आदळला. हे जहाज मूळचं कंपनीचंच, तुळाजीने पूर्वी जिंकून आणलेलं. ते पेटलं आणि आग शेजारी एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांवर, म्हणजे आंग्र्यांच्या लढाऊ जहाजांवर, गेली. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचं आरमार संपलं. रात्री क्लाइव्ह फौजेसह उतरला आणि किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध जाऊन बसला. त्याचं तोंड किल्ल्याकडे होतं, पण पाठीमागच्यांनाही वाट मिळू नये ही सोय त्यात होतीच. 13 तारखेला किल्ल्यावर इंग्रजी निशाण चढलं.

लूट साधारण एक लाख पौंडांची, त्या काळचे आठ-दहा लाख रुपये. ठरल्या हिशेबाने वॉट्सनचा वाटा आठ हजार पौंडांवर जातो. तेवढे पैसे पगारातून मिळवायला त्या 24 शिलिंगवाल्या खलाशाला पाचशेहून जास्त वर्षं लागली असती.

म्हणजे पेशव्यांनीच आरमार बुडवलं?

हा प्रश्न आपल्याकडे नेहमी भांडणाच्या सुरात विचारला जातो. गोळा इंग्रजांचा, पण बोलावणं पेशव्यांचं, यात शंका नाही. तुळाजी छत्रपतींचा सरदार म्हणवत असला तरी पेशव्यांचं ऐकत नव्हता, आणि त्याला वठणीवर आणायला आपल्याजवळ तेवढं आरमार नाही हे नानासाहेबांना ठाऊक होतं. गणित चुकलं ते पुढे. करारातले इंग्रज आणि किल्ल्यात शिरलेले इंग्रज एक नव्हते. करार केला कंपनीने, किल्ला घेतला राजाच्या ॲडमिरलने, आणि या दोन दारांमधून पुण्याच्या वकिलांना महिनोन्‌महिने फिरवणं सोपं गेलं. शेवटी 12 ऑक्टोबर 1756 ला पुण्यात नवा तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, बदल्यात बाणकोट आणि काही गावं कंपनीकडे कायम झाली. आतला पैसा, अर्थात, आठ महिन्यांपूर्वीच वाटून संपला होता.

'तिथेच मराठा आरमार संपलं' हे मात्र खरं नाही. पेशव्यांचं आरमार पुढे याच विजयदुर्गातून चाललं. 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीच्या समुद्रात कंपनीचं 'रेंजर' जहाज पकडून आणलं होतं.

पत्रांचा खरा मोसम : बंगाल

वॉट्सन मद्रासला परतला आणि ऑगस्टमध्ये बातमी आली की नवाब सिराजउद्दौलाने कलकत्ता घेतलं. ऑक्टोबरमध्ये तो आणि क्लाइव्ह निघाले. वाटेत बजबजच्या किल्ल्यावर सकाळी हल्ला करायचा असं ठरलेलं असताना स्ट्रॅहन नावाचा एक खलाशी रात्री दारूच्या तारेत खंदक ओलांडून एकटाच आत शिरला, ओरडला, मागून बाकीचे धावले आणि किल्ला पडला. वॉट्सनने त्याला शिस्तभंगाबद्दल झाडलं. फटके बसले तर जन्मात परत एकट्याने किल्ला घेणार नाही, असं पुटपुटत तो गेला म्हणतात.

2 जानेवारी 1757 ला कलकत्ता परत मिळालं आणि लगेच ते जुनं कोडं उभं राहिलं : किल्ला कुणाचा? वॉट्सनने राजाच्या फौजेतल्या कॅप्टन कूटला लेखी हुकूम देऊन या किल्ल्याचा, फोर्ट विल्यमचा, गव्हर्नर नेमलं. क्लाइव्ह म्हणाला, मी इथे वरिष्ठ, मी हलणार नाही. वॉट्सनने निरोप धाडला, बाहेर पड, नाहीतर तोफा डागतो. म्हणजे नुकता सोडवलेला किल्ला इंग्रजच इंग्रजांवर फोडणार! शेवटी तडजोड निघाली. वॉट्सन स्वतः आला, क्लाइव्हने किल्ल्या त्याच्या हातात दिल्या, आणि त्याने त्या कंपनीच्या गव्हर्नरच्या हातात दिल्या. एका जुडग्याची ही मिरवणूक आपल्याला पोरकट वाटते. पण पुढे हिशेब विचारला गेला तर कुणी कुणाकडून ताबा घेतला, हे स्वच्छ राहावं म्हणून ती होती.

नंतर प्रश्न आला फ्रेंचांच्या चंद्रनगरचा. क्लाइव्हला घाई, वॉट्सन अडून बसला. युद्ध जाहीर झालं हे खरं, पण नवाबाशी 9 फेब्रुवारीला तह झालाय, त्याच्या मुलुखात त्याच्या परवानगीशिवाय लढायचं कसं? मग पत्रं सुटली. 4 मार्चच्या पत्रात वॉट्सनचा तोल गेला. तहाची कलमं पाळ, नाहीतर तुझ्या मुलखात अशी आग लावीन की गंगेचं सगळं पाणी ओतूनही विझणार नाही, या अर्थाचं त्याने लिहिलं. 10 मार्चला नवाबाचं उत्तर आलं, गोड आणि गोल : शत्रू शुद्ध मनाने शरण आला तर जीवदान द्यावं, पण त्याचा हेतू शुद्ध नसेल तर वेळ बघून योग्य वाटेल ते करावं. झालं! 'योग्य वाटेल ते करावं' एवढं वॉट्सनला पुरलं. नवाबाच्या मुनशीला पैसे चारून उत्तर हवं तसं लिहून घेतलं, असं कंपनीच्याच एका नोकराने नंतर लिहून ठेवलंय. नवाबाने मागाहून नको म्हणणारी पत्रं पाठवली, पण वॉट्सनच्या लेखी परवानगी एकदा मिळाली होती.

23 मार्चला जहाजं चंद्रनगरला भिडली. तीन तासांत किल्ला पडला, पण 'केंट'ची चाळण झाली, ते परत समुद्रात जायच्या लायकीचं उरलं नाही. जहाजाचा कॅप्टन हेन्री स्पीक आणि त्याचा सोळा वर्षांचा मुलगा बिली एकाच गोळ्याने जायबंदी झाले. बापाचा पाय कसाबसा वाचला, पोराची मांडी तुटली आणि काही दिवसांनी तो गेला. आपण पत्रातल्या शब्दांचा कीस काढतो तेव्हा त्या शब्दांनी उघडलेल्या दाराच्या पलीकडे हे होतं.

लाल कागद

प्लासीच्या लढाईआधी नवाबाला हटवण्यासाठी त्याचाच सरदार मीर जाफर याच्याशी इंग्रजांचा गुप्त करार चालला होता. मध्यस्थ व्यापारी अमीरचंद, ज्याला इंग्रज ओमीचंद म्हणत, अडून बसला : करारात माझे तीस लाख लिहा, नाहीतर सगळं फोडतो. क्लाइव्हने दोन करार केले. पांढऱ्या कागदावर खरा, त्यात अमीरचंदचं नावही नाही. लाल कागदावर खोटा, त्याला दाखवायला. वॉट्सनने खऱ्यावर सही केली आणि खोट्यावर करायला नकार दिला. पण त्याची सही नसेल तर अमीरचंद ओळखणार. म्हणून हेन्री लशिंग्टन नावाच्या कंपनीच्या नोकराकडून लाल कागदावर वॉट्सनचं नाव लिहून घेतलं गेलं.

ज्याने जन्मभर कागद जपला त्याचीच सही खोटी! पुढे पार्लमेंटच्या चौकशीत क्लाइव्हने सांगितलं की वॉट्सनने सही केली नसली तरी दुसऱ्याने करायला हरकत घेतली नव्हती, आणि घेतली असती तरी मी करवलीच असती. 'केंट'वरच्या एका अधिकाऱ्याची साक्ष वेगळी : वॉट्सनला हे लांच्छनास्पद वाटलं होतं, त्याने अंग काढून घेतलं. मला वाटतं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मी सही करत नाही, तुम्ही काय करायचं ते करा, असं म्हणून खुर्ची मागे सरकवणारे साहेब आपण सगळ्यांनी पाहिलेत. आणि त्याला फार सोवळं समजायचंही कारण नाही. प्लासीनंतर मीर जाफरने वाटलेल्या पैशात माझाही वाटा आहे असं वॉट्सन म्हणाला होता, हेही क्लाइव्हच्याच साक्षीत आहे.

लढाई झाली 23 जून 1757 ला. 16 ऑगस्टला वॉट्सन कलकत्त्यात तापाने वारला. चाळिशी जेमतेम ओलांडलेली. त्याची कबर तिथे सेंट जॉन चर्चच्या आवारात आहे.

पण ही पत्रं जिंकणाऱ्यांचीच ना?

हो, आणि म्हणून सावधपणे वाचायची. वॉट्सनची बरीच पत्रं आपल्यापर्यंत आली ती त्याच्या ताफ्यातला सर्जन एडवर्ड आइव्ह्ज याने पुढे छापली म्हणून. आइव्ह्जचा आपल्या साहेबावर जीव होता. तारखा, हुकूम, नकार, वाटण्या यांसाठी तो उत्तम. स्वभावाच्या गोष्टी आल्या की थोडं थांबायचं.

विजयदुर्ग पडल्यानंतरचा एक प्रसंग त्याने सांगितलाय. वॉट्सन तुळाजीच्या घरातल्यांना भेटायला गेला. तुळाजीची आई, दोन बायका, मुलं. आई रडत म्हणाली, आता आम्हाला कुणी नाही, मुलांना बाप नाही. वॉट्सन म्हणाला, मला बाप समजा. तेव्हा सहा वर्षांच्या एका मुलाने त्याचा हात धरला, म्हणाला, मग तुम्ही माझे बाप. आणि ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेत एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर फिरत कैदेतच मेला. त्याच्या मुलांपैकी दोघं बारा-चौदा वर्षांच्या बंदिवासानंतर निसटले. आले कुठे, तर मुंबईला, इंग्रजांच्या आसऱ्याला. वॉट्सनला पुरून तोवर दशक उलटलं होतं.